पुण्यातल्या चित्रकारांवर आणि विसरलेल्या स्थानिक इतिहासावर लिहायचंय, पण कलेचं शिक्षण नाही. सुरुवात कुठून करू?

शिक्षणाची काळजी सोडा, मीही कॉमर्सचाच. दहाएक वर्षं इथली प्रदर्शनं बघून लिहितोय आणि त्यातली पहिली तीन वर्षं आज मला स्वतःला वाचवत नाहीत. ‘रंगांचा संवाद’, ‘अवकाशाचं मौन’ असलं काहीबाही. बालगंधर्वच्या कलादालनातल्या एका प्रदर्शनावर असंच दीड पान लिहिलं होतं. पुढे ते चित्रकार वारले. त्यांच्या मुलीचा फोन आला: बाबांनी तेव्हा कोणती चित्रं लावली होती, कुठल्या सालातली, तुमच्या लेखात असेल ना? लेखात मौन भरपूर होतं, साल एकही नव्हतं.

तेव्हापासून वहीत आधी नाव, साल, माध्यम आणि लांबी-रुंदी. मत घरी येऊन.

गंगाराम तांबटांचं नाव ऐकलंय? मीही बरंच उशिरा ऐकलं. सवाई माधवरावांच्या काळातले पुण्याचे चित्रकार. पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे रेसिडेंट, चार्ल्स मॅलेट याच्यासाठी ते काम करायचे. १७९० साली त्यांनी पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, कार्ले-वेरूळची लेणीही काढली. त्याच काळात स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात आला, तोही वेरूळला गेला. १८०३ साली लंडनमध्ये टॉमस डॅनिएलनं वेरूळची २४ दृश्यं छापली, त्यावर नाव वेल्सचं. गंगारामांची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुण्यात त्यांच्या नावाची साधी पाटी मला तरी दिसलेली नाही. तरी ते निदान नावानिशी उरले. पेठांमधल्या वाड्यांच्या भिंतींवर चित्रं रंगवणाऱ्या बहुतेकांचं तेवढंही झालं नाही.

आडनावावरून आठवलं. कसब्यातल्या तांबट आळीत जा, सरावाला याहून चांगली जागा नाही. तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकसारखे गोल ठसे उठवतात, त्याला मठारकाम म्हणतात. एक ठसा दुसऱ्याला टेकला पाहिजे, फट राहता कामा नये. मला वाटायचं ही नुसती नक्षी. एका कारागिरानं हातातला हंडा बोटांनी दाबून दाखवला: न ठोकलेली बाजू दबली, ठोकलेली ढिम्म हलली नाही. ठोके खाऊन पत्रा कडक होतो. ‘याचा अर्थ काय’ असं विचारलं असतं, तर त्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं असतं. ‘हे का करता’ म्हटल्यावर अर्धा तास बोलला. चित्रकारांचंही तसंच आहे. कॅटलॉगमधल्या निवेदनावर फार विसंबू नका, ते पुष्कळदा दुसऱ्यानंच लिहिलेलं असतं. कागद कुठला, हा थर वाळायला किती दिवस लागले, हे विचारा.

आणि आळीत वहीच न्या. फोनवर रेकॉर्ड केलेलं घरी येऊन ऐकलं, तर तासभर फक्त ठोके ऐकू आले.