तलवारीच्या एका वारात माणूस आडवा होतो, मग डीअँडडीत (डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळात) ४४ हिट पॉइंट कसे? लढाईत खरेपणा किती आणावा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: संभाजीनगरात पाच खेळाडूंचा ग्रुप, डीअँडडीची २०१४ची पाचवी आवृत्ती, मोहीम देवगिरीवर बेतलेली. लढाई खरी वाटावी म्हणून घाव कुठे बसला, रक्तस्राव, १ पडला की हत्यार हातातून सुटणं, असे नियम घातले. आता एक लढाई तीन तास चालते, आणि तरीही एक खेळाडू हिट पॉइंटवरून अडून बसलाय.

आधी ते ४४ पाहू. हिट पॉइंट दर वाराला घटतात, शून्यावर माणूस पडतो. पाचव्या लेव्हलचा फायटर (लढवय्या), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +२ : पहिल्या लेव्हलला १२, पुढच्या चार लेव्हलना ८-८, झाले ४४. समोरच्याची तलवार डी८+३ (आठ बाजूंचा फासा अधिक ३), म्हणजे सरासरी साडेसात. सहा वार लागतात. पण हे सहाही वार अंगात घुसतात असं रूलबुक म्हणतच नाही. तिथे हिट पॉइंट म्हणजे शरीर-मनाचा चिवटपणा, जगण्याची इच्छा आणि नशीब, सगळं एकत्र. निम्मे पॉइंट शिल्लक असेपर्यंत अंगावर सहसा खूणही दिसत नाही, त्याखाली कापलं-खरचटलेलं दिसतं, आणि शून्यावर नेणारा वार तेवढा खराखुरा बसतो. तेव्हा "तलवार पोटात घुसली, ७ गेले" असं डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) म्हटलं की वाद होणारच. "ढालीवर घेतलास, पण खांद्यापर्यंत मुंग्या आल्या, पाय वीतभर मागे सरकला, ७ कमी कर" असं म्हणा. तुमच्या मित्राची हरकत रास्त आहे, फक्त ती नियमावर नाही, वर्णनावर आहे.

आता तीन तासांचा हिशोब. पाच खेळाडू आणि सहा शत्रू, म्हणजे एका राउंडला ११ टर्न. पाच राउंड धरले तर ५५. टर्नला एक मिनिट लागलं तर लढाई तासाभरात संपते. तुमच्याकडे प्रत्येक वाराला हल्ल्याचा फासा, जागेचा फासा, डॅमेज, रक्तस्रावाची सेव्ह (त्यातून वाचण्याचा फासा), मग कागदावर नोंद. टर्न सहज तीन मिनिटांचा होतो : १६५ मिनिटं, पावणेतीन तास. यात खेळाडूने ठरवलेलं काय? "मारतो", एवढंच. बाकी सगळं फाशांनी ठरवलं. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. खरी लढाई भीतीदायक असते कारण तिथे क्षणाक्षणाला निवड करावी लागते. ज्या नियमाने खेळाडूसमोर नवी निवड येत नाही, तो कितीही अभ्यासपूर्ण असला तरी काढून टाका.

हत्यार सुटण्याचा नियम तर आजच काढा, कारण तो खरेपणाच्या उलट चालतो. पाचव्या लेव्हलच्या फायटरला टर्नला दोन वार मिळतात, पाच राउंडांत दहा. डी२० वर (हल्ल्याचा वीस बाजूंचा फासा) एकदा तरी १ येण्याची शक्यता ४० टक्के. एकच वार करणाऱ्या नवख्याची २३ टक्के. म्हणजे जितका मुरलेला लढवय्या, तितकी त्याची तलवार जास्त वेळा पडणार! घावाच्या जागेचंही तसंच. गॉब्लिनचा (किरकोळ शत्रूचा) हात तुटला तरी तो दोन राउंडांत मरणारच असतो, खेळाडूचा मोडलेला हात मात्र पुढची पाच सेशन त्याच्यासोबत राहतो. दिसायला नियम दोघांना सारखा, पण भरतो एकटा खेळाडू.

मग खरेपणा घालायचा कुठे? जागेत आणि उजेडात. तुमच्याकडे तर अंधारी आहे. देवगिरीवर चढणारा तो बोगदा, काळोख, वळणं, अंदाज चुकवणाऱ्या पायऱ्या, आणि वरच्या तोंडाशी विस्तव करून धूर आत कोंडायची सोय. हे सगळं जवळजवळ जसंच्या तसं पटावर येतं. मशाल २० फूट लख्ख आणि पुढे २० फूट मंद उजेड देते, पण एक हात अडवते. म्हणजे ढाल सोडा (एसी, म्हणजे वार लागण्यासाठी गाठायचा आकडा, २ ने कमी) किंवा अंधारात लढा. वाट ५ फूट रुंद ठेवा, म्हणजे पुढे एकच जण. मागच्याला लढायचं तर १० फूट पल्ल्याचं लांब दांड्याचं हत्यार हवं. दोन हातांची मोठी तलवार फिरवायला जागाच नाही, तिला डिसॲडव्हान्टेज द्या (दोन डी२० टाकून कमी आलेला घ्यायचा).

इथे रूलबुकाची एक खोच आहे. काळोखात दोघांनाही दिसत नसेल तर न दिसणाऱ्याला मारायचा डिसॲडव्हान्टेज आणि न दिसता मारायचा ॲडव्हान्टेज (दोनातला जास्त आलेला घ्यायचा) एकमेकांना खाऊन टाकतात. परिणामी मिट्ट अंधारात लख्ख उजेडाइतकेच वार बसतात. हे कोणालाच पटत नाही. म्हणून हाउस रूल (आपल्या टेबलापुरता नियम) ठेवा : दोघेही आंधळे असतील तर दोघांनाही डिसॲडव्हान्टेज. ६० टक्क्यांचा नेम ३६ वर येतो. मशाल विझली की आख्खा टेबल गप्प होतो, आणि त्यासाठी एकही तक्ता उघडावा लागत नाही.

दांडपट्टा खेळात कसा आणायचा, तेही विचारलंय. मूठ लोखंडी खोबळ्याच्या आत असते, त्यामुळे मनगट वळत नाही, पातं कोपर आणि खांद्यातून फिरतं. मी डी८ कापणारं डॅमेज देईन, आणि दोन गोष्टी : हातातून ते हिसकावता येत नाही, पण त्याच हाताने दार उघडणं, दोर धरणं बंद. उघड्या अंगावर ते भयंकर आहे, चिलखतावर नाही. कडीचं चिलखत कापणारा वार अडवतं, भाल्याची टोचणी आणि गदेचा दणका तेवढा अडवत नाही. पण त्यासाठी प्रत्येक हत्यार-चिलखताचा वेगळा तक्ता करू नका. तो दुसऱ्या सेशनला कोणी उघडत नाही.

दोन नियम मात्र जरूर घाला. पहिला, धीर सुटण्याचा. डीअँडडीच्या १९८१च्या बेसिक संचात तो होता : प्रत्येक शत्रूला २ ते १२ मधला एक आकडा, पहिला साथीदार पडला की आणि निम्मे गारद झाले की दोन डी६ टाका, बेरीज त्या आकड्याहून जास्त आली की ते पळतात किंवा शरण येतात. आकडा ७ ठेवला तर दर वेळी साधारण ४२ टक्के. शेवटच्या माणसापर्यंत लढणारे शत्रूच सगळ्यात खोटे वाटतात, आणि त्यांना संपवण्यातच तुमचा अर्धा वेळ जातो.

दुसरा, जखम फक्त शून्यावर. जो शून्यावर जाऊन परत उठला, त्याला थकव्याची एक पायरी. बस्स. एरवी एका रात्रीच्या झोपेत सगळे हिट पॉइंट परत येतात, पण सलग तीनदा पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी ताजातवाना नसतो, कारण एका लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) एकच पायरी उतरते.

एवढं करूनही सगळ्यांना एका घावात मरणारी लढाईच हवी असेल, तर डीअँडडीला ठिगळं लावत बसू नका, दुसरी सिस्टिम घ्या. १९७८च्या रूनक्वेस्टमध्ये घाव कुठे बसला ते आणि अवयवागणिक चिलखत मुळातच आहे. गर्प्समध्ये टर्न एका सेकंदाचा, आणि वार आला की बचाव करणारा चुकवायचं, हत्यारावर घ्यायचं की ढालीवर, ते स्वतः ठरवतो. तिथे फासे जास्त पडतात, पण त्यातला एक फासा निवडीचा असतो, आणि हिट पॉइंट पहिल्यापासून कमीच असल्याने लढाई दोन-चार वारांत निकालात निघते. फक्त सुरू करायच्या आधी सगळ्यांना जादा कॅरॅक्टर बनवून ठेवायला सांगा, लागतील.