प्रश्न आपले : रेल्वे कंपनी घरमालक होते तेव्हा

प्रश्न : हाँगकाँगची मेट्रो स्थानकांवर इमारती बांधून त्या विकते व भाड्याने देते आणि त्यामुळे तिला सरकारी अनुदान लागत नाही, असे वाचले. मग तिकिटांचा व्यवसाय तोट्यात असतो का? आणि एवढी जमीन कंपनीकडे येते कुठून?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गाड्या चालवण्याचा रोजचा खर्च तिथे एरवी तिकिटांतून भागत आला आहे. अडचण असते ती भुयारे आणि स्थानके बांधण्यासाठी लागणाऱ्या भांडवलाची. ते केवळ तिकिटांच्या जोरावर उभे करणे अवघड असते, आणि जमिनीचा व्यवहार येतो तो याच टप्प्यावर.

आपल्या सातबाऱ्याच्या सवयीने पाहिले तर हाँगकाँगमध्ये जमीनमालक जवळजवळ एकच आहे, तो म्हणजे सरकार. सेंट जॉन्स कॅथेड्रलच्या जागेसारखा अपवाद सोडला, तर बाकी सर्वांकडे असतो तो भाडेपट्टा. नवा मार्ग ठरला की सरकार स्थानकांवरील आणि डेपोवरील जागेचे विकासहक्क मेट्रो कंपनीला देते, आणि त्यापोटी आकारायचे अधिमूल्य, म्हणजे या हक्कांची किंमत, रेल्वे येणारच नाही असे गृहीत धरून ठरवते. कंपनी स्वतः इमारती बांधायला बसत नाही. ती निविदा काढून बिल्डर निवडते. अधिमूल्य आणि बांधकामाचा खर्च सहसा तोच उचलतो, आणि कंपनीला ठरलेली रक्कम, नफ्यातला हिस्सा किंवा तयार बांधकामाचा काही भाग मिळतो. गाडी सुरू होईपर्यंत त्याच जागेचा भाव चढलेला असतो. आधीचा भाव आणि नंतरचा भाव यांतली तफावत हीच खरी कमाई आहे; इमारत हे ती वसूल करण्याचे साधन.

१९७५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची पहिली गाडी १ ऑक्टोबर १९७९ रोजी धावली, आणि पहिल्याच मार्गावरील काउलून बे येथील डेपोच्या डोक्यावर टेलफर्ड गार्डन्स ही ४१ इमारतींची वसाहत उभी राहिली. खाली रेल्वेचे डबे धुतले जात आहेत आणि वर माणसे संसार मांडत आहेत, अशी ही रचना आता तिथे कोणाला नवलाची वाटत नाही. २००० साली कंपनीचे समभाग बाजारात आले, तरी सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा सरकारकडेच राहिला.

‘अनुदानाशिवाय’ हा शब्द मात्र मी जपून वापरेन. मालक असलेले सरकार जमिनीच्या भाववाढीवरचा आपला हक्क सोडते, म्हणजे मदत करतेच, फक्त ती रोखीत दिसत नाही. हाँगकाँग बेटाच्या पश्चिमेकडील जुन्या, दाट वस्तीत मार्ग न्यायचा ठरला तेव्हा तिथे अशी मोकळी जमीन नव्हती. त्या २०१४ मध्ये सुरू झालेल्या मार्गासाठी सरकारला सरळ रोख अनुदान द्यावे लागले.

प्रश्न : ही कंपनी गाळे विकते की भाड्याने देते? आणि भाडे कसे ठरते? मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून विचारतो.
– एक वाचक, पुणे

उत्तर : घरे विकली जातात, मॉल मात्र बहुतांशी राखून ठेवले जातात. विक्रीचे पैसे एकदाच येतात आणि घरांचा बाजार पडला की आटतात. भाडे दर महिन्याला येते. काउलून स्थानकावरचा एलिमेंट्स, त्सिंग यी येथील मॅरिटाइम स्क्वेअर ही अशा मॉलची उदाहरणे. त्याशिवाय फलाटाकडे जाणाऱ्या मार्गांवरचे छोटे गाळे आणि जाहिरातींच्या जागा आहेत, त्यांचा हिशेब मॉलपासून वेगळा ठेवतात. मॉलमधील करार साधारण तीन वर्षांचे असतात. त्यांत एक किमान भाडे ठरलेले असते आणि विक्री ठरावीक आकड्याच्या वर गेली की त्यातला हिस्सा द्यावा लागतो. दुकानदाराने गल्ला दाखवायचा आणि मालकाने त्यावर लक्ष ठेवायचे, हे आपल्याकडील पागडीवर वाढलेल्या पिढीला पचायला जड जाईल. पण त्यामुळे दुकानासमोरून माणसे वाहती ठेवणे हे मालकाच्याही हिताचे ठरते.

याची दुसरी बाजूही पाहा. कोविडच्या काळात गाड्या रिकाम्या झाल्या, तेव्हा त्याच प्रवाशांवर जगणारे गाळेही ओस पडले. सीमेवरील लो वू स्थानकातली करमुक्त दुकाने तर जवळपास तीन वर्षे बंद राहिली. भाडेकरूंना सवलती द्याव्या लागल्या, मॉलचे मूल्यांकन घसरले आणि २०२० मध्ये कंपनीने बाजारात आल्यापासूनचा पहिला वार्षिक तोटा दाखवला. लोहास पार्क या कंपनीच्याच स्थानकालगतच्या वसाहतीतील पहिल्या रहिवाशांनाही थांबावे लागले : स्थानक आणि घरे २००९ मध्ये आली, मोठा मॉल २०२० मध्ये.

घरे विकून संबंध तुटत नाही, हेही लक्षात घ्या. एक लाखाहून अधिक घरांची देखभाल कंपनीच पाहते, म्हणजे आपण ज्याला मेंटेनन्स म्हणतो तो तिथे दरमहा रेल्वे कंपनीकडे जातो.

प्रश्न : आपल्या रेल्वेकडे तर केवढी जमीन आहे. मग आपल्याकडे हे का होत नाही?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : भारतीय रेल्वेकडे सुमारे ४.९ लाख हेक्टर जमीन आहे, पण तिचा बराचसा भाग रुळांलगतच्या अरुंद पट्ट्यांत आहे. मोकळ्या जागा भाडेपट्ट्याने देण्यासाठी २००५ च्या कायदादुरुस्तीने रेल भूमी विकास प्राधिकरणाची तरतूद झाली, आणि २०२२ मध्ये मालवाहतुकीच्या टर्मिनलसाठी भाडेपट्ट्याची मुदत ३५ वर्षांपर्यंत वाढवून वार्षिक आकार बाजारभावाच्या सहा टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणला गेला. तरीही स्थानकाच्या कुंपणाबाहेरची भाववाढ रेल्वेच्या हाती लागत नाही, ती बाहेरच्या जमीनमालकांकडे जाते.

हाँगकाँगच्या सर्वांत जवळ जाणारा आपल्याकडील प्रयोग आपल्याच दाराशी आहे. नवी मुंबईत सिडकोने जमीन आधी ताब्यात घेतली, लोहमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला, वाशी आणि बेलापूरच्या स्थानकांवर व्यापारी इमारती बांधल्या आणि भोवतालचे भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. फरक एवढाच, की नवी मुंबईत जमिनीचे उत्पन्न सिडकोच्या खात्यात गेले आणि तिकिटांचे रेल्वेच्या.