लीग टूमधला इंग्लिश फुटबॉलपटू भारतात खेळायला येतो, म्हणजे त्याचं करिअर संपलंच ना?

सरसकट नाही. काहींचं संपलेलंच असतं, ते जाता जाता शेवटचा एक करार गाठीला बांधायला येतात. पण काहींच्या करिअरचा खरा भाग इथे आल्यावरच सुरू होतो. मी बंगळुरूत राहतो आणि बेंगळुरू एफसीचा सुरुवातीपासूनचा पाठीराखा आहे, त्यामुळे डोळ्यांसमोर घडलेलं उदाहरणच सांगतो: जॉन जॉन्सन. (नाव इतकं सर्वसाधारण की गूगलवर शोधायला गेलात तर आधी भलतेच जॉन जॉन्सन सापडतील.)

हा मिडल्सब्रोचा, जन्म १९८८ चा. गावच्याच क्लबच्या अकादमीत वाढला, पण पहिल्या संघात काही बस्तान बसलं नाही. मग नॉर्थॅम्प्टन टाऊन. तुम्ही म्हणता ती लीग टू म्हणजे तिथली चौथी पायरी. वरच्या चार डिव्हिजनांत मिळून ९२ क्लब आहेत, आणि तळाच्या डिव्हिजनमधल्या खेळाडूच्या डोक्यावर कायम टांगती तलवार असते. करार एक-दोन वर्षांचे. मे महिन्यात मोसम संपला की कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं याची यादी क्लब जाहीर करतो. ३० जूनला करार संपतो आणि मग एजंटच्या फोनची वाट बघत बसायचं. २०१३ च्या मे महिन्यात नॉर्थॅम्प्टन वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्यासाठीची प्लेऑफ फायनल वेम्ब्लीवर खेळलं आणि ब्रॅडफर्डकडून ३-० असं हरलं. त्याच उन्हाळ्यात जॉन्सन बंगळुरूला आला. वय २४. या वयात कोणी निवृत्तीच्या सोयीसाठी देश बदलत नाही.

इकडे परिस्थिती अशी होती की जेएसडब्ल्यू या उद्योगसमूहाने बेंगळुरू एफसी हा नवाकोरा क्लब काढला होता. ना इतिहास, ना मैदान स्वतःचं. कोच आणला अ‍ॅशली वेस्टवूड, जो स्वतः मँचेस्टर युनायटेडच्या युवा संघात घडलेला आणि पुढे इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनांत बचावपटू म्हणून वर्षानुवर्षं खेळलेला. तोही एके काळी नॉर्थॅम्प्टनकडून खेळला होता. असे खेळाडू परदेशात पोचतात ते बहुतेकदा कोचच्या ओळखीपाळखीतून, टॅलेंट शोधून काढणाऱ्या कुठल्या मोठ्या यंत्रणेतून नव्हे.

दुसरी गोष्ट कोट्याची. आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, चार परदेशी चालायचे, त्यातला एक आशियाई हवा. चारच जागा असल्या की क्लब त्या विंगरवर, म्हणजे कडेने धावणाऱ्या खेळाडूवर, उधळत नाहीत. दोन मागे, दोन पुढे, असा साधा हिशेब. बेंगळुरूने मागे जॉन्सन आणि केनियाचा कर्टिस ओसानो ठेवले. आशियाई जागेवर ऑस्ट्रेलियाचा शॉन रूनी. म्हणजे इंग्लंडमध्ये जो पन्नासांतला एक सेंटर-बॅक (मधला बचावपटू) होता, तो इथे संघाच्या चार खांबांपैकी एक झाला. जबाबदारी वाढली, चुका लपवायला जागा उरली नाही. परदेशी बचावपटूच्या पायातून चेंडू निसटला की स्टेडियममधला प्रत्येक जण म्हणतो, ‘याच्यासाठी कोटा घालवला?’ हे वाक्य मी स्वतःही म्हटलेलं आहे, पण जॉन्सनबद्दल फारसं नाही.

पहिल्याच मोसमात क्लब चॅम्पियन झाला. २१ एप्रिल २०१४ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर डेम्पोला ४-२ हरवून. त्यात एक गोल जॉन्सनचा. गोव्यात जाऊन, डेम्पोसारख्या मातब्बर संघाला नमवून, पहिल्या फटक्यात लीग जिंकणं ही साधी गोष्ट नव्हती.

पण मला जास्त आठवते ती ३१ मे २०१५ ची मॅच. बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर मोहन बागान. आम्हाला जिंकणं भाग, बागानला बरोबरी पुरेशी. कांतीरवाला मैदानाभोवती धावपट्टी आहे, त्यामुळे खेळाडू लांबच दिसतात. चेहरे नाही, चाली ओळखाव्या लागतात. ४१व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला आणि मागून जॉन्सन पेनल्टी बॉक्समध्ये चालत आला. हो, चालत. बचावपटू कॉर्नरला पुढे जातात ते बहुधा धावत, जॉन्सन मात्र घाई करायचा नाही; शेवटच्या दोन-तीन पावलांत वेग घ्यायचा. चेंडू आला, हेडर, गोल. पश्चिमेकडच्या स्टँडमध्ये लोकांनी एकमेकांना अक्षरशः उचललं. मग पंचेचाळीसेक मिनिटं ती एक गोलची आघाडी जपत बसायचं, आणि फुटबॉलमध्ये याहून वाईट शिक्षा नाही. ८७व्या मिनिटाला बागानला कॉर्नर मिळाला आणि नायजेरियाच्या बेलो रझाकने हेडर मारला. १-१. ट्रॉफी कोलकात्याला गेली, बागानला तेरा वर्षांनी राष्ट्रीय लीग मिळाली. भारताची लीग ठरली ती दोन परदेशी सेंटर-बॅकच्या दोन हेडर्सवर. कोटा कशाला खर्च करायचा, याचं उत्तर त्या एका मॅचमध्ये होतं.

पुढच्या वर्षी लीग परत आमच्याकडे आली, आणि वेस्टवूड गेला. माझ्या मते जॉन्सनच्या करिअरची खरी परीक्षा इथे होती. कोचच्या ओळखीने आलेले खेळाडू कोच गेला की त्याच्या पाठोपाठ जातात. नवा कोच अल्बर्ट रोका स्पेनचा, बार्सिलोनात सहायक म्हणून काम केलेला. मागून चेंडू खेळवत पुढे न्यायचा, लांब फटके मारायचे नाहीत, ही त्याची पद्धत. लीग टूच्या बचावपटूच्या अंगात नेमकी उलटी सवय. रोकाने हुआनन हा स्पॅनिश बचावपटू आणला, स्पॅनिश नावं वाढली. जॉन्सन राहिला. त्याच्या आणि हुआननच्या जोडीवर बेंगळुरू २०१६ च्या एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या फायनलपर्यंत पोचलं, तिथवर जाणारा पहिला भारतीय क्लब. दोह्याला इराकच्या अल-कुवा अल-जविया संघाकडून १-० असं हरलो. नॉर्थॅम्प्टनमध्ये राहिला असता तर खंडीय स्पर्धेची फायनल त्याला टीव्हीवरच बघावी लागली असती.

२०१७-१८ ला क्लब आय-लीग सोडून आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये आला तेव्हाही तो होता, आणि त्याच बचावफळीत मुंबईचा राहुल भेके होता. भेके पुढे भारतासाठी खेळला. तरुण भारतीय बचावपटूंना असा शेजारी मिळण्याचा फायदा आकड्यांत दिसत नाही, पण मॅच प्रत्यक्ष बघताना दिसायचा: जॉन्सन सतत हातवारे करत, ओरडत बचावफळीची लाइन पुढे-मागे करायचा. पाच मोसमांनंतर तो कोलकात्याच्या एटीकेकडे गेला.

आता दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे शेवटचा करार गाठीला बांधायला येणारे. पुण्याच्या वाचकांना एफसी पुणे सिटी आठवत असेल. २०१४ ला बालेवाडीत जर्मेन पेनंट खेळला, जो त्याआधी लिव्हरपूलकडून चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला होता. पुढच्या वर्षी इंग्लंडचा माजी खेळाडू डेव्हिड प्लॅट कोच होऊन आला आणि सोबत निकी शोरी, रॉजर जॉन्सन, स्टीव्ह सिमनसन असे इंग्लिश खेळाडू. नावं जॉन जॉन्सनपेक्षा कितीतरी मोठी. पण तेव्हाची आयएसएल ऑक्टोबर ते डिसेंबर एवढीच चालायची. हॉटेल, सराव, विमान, मॅच, आणि नाताळापर्यंत घरी. यात दोष खेळाडूंचा कमी, लीगच्या आखणीचा जास्त.

आणि खरे भटके बघायचे असतील तर मॅट डर्बीशायर. ब्लॅकबर्नहून ग्रीसच्या ऑलिंपियाकोसला गेला, २००९ ची ग्रीक कप फायनल भरपाई वेळेतल्या गोलने वाचवली, परत इंग्लंडात क्लबामागून क्लब केले, मग सायप्रसच्या ओमोनियाकडून तिथल्या लीगमध्ये एका मोसमात सर्वाधिक गोल केले, ऑस्ट्रेलियात मॅकार्थर, मग २०२२ ला गुवाहाटीत नॉर्थईस्ट युनायटेड, तिथे संघच सलग हरत होता, आणि तिथून ब्रॅडफर्ड. यात संपलं कुठे आणि सुरू कुठे झालं, तुम्हीच ठरवा.

पैशांबद्दल: हो, पैसा असतोच, आणि त्यात गैर काय? लीग टूच्या पगारावर कोणी पस्तिशीनंतर बसून खाऊ शकत नाही. पण नुसत्या पैशासाठी आलेला माणूस पाच मोसम एका गावात टिकत नाही.

आज मात्र तसा २४ वर्षांचा इंग्लिश बचावपटू भारतात येणं अवघड आहे. २०२१ पासून आयएसएलमध्ये मैदानावर चारच परदेशी चालतात, आणि बरेच कोच स्पॅनिश असल्याने त्या चार जागांवर बहुधा इंग्लंडबाहेरचेच खेळाडू येतात.