रात्रीच्या आकाशासाठी वाइड लेन्स घेताना

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) असेल, तर १० ते १६ मिमी फोकल लेंग्थ आणि किमान एफ/२.८ इतकं छिद्र हे धरून चाला; एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं. एफ/४च्या दुप्पट प्रकाश एफ/२.८ला मिळतो, म्हणून झूमच्या मोहापेक्षा छिद्र महत्त्वाचं. ऑटोफोकसवर मात्र पैसे घालू नका; ताऱ्यांवर फोकस हातानेच करायचा आहे. सॅमयांगची १४ मिमी एफ/२.८ मॅन्युअल लेन्स सुरुवातीला पुरेशी आहे.

एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडं ठेवायचा वेळ, किती? ५०० ला फोकल लेंग्थचे मिमी आणि क्रॉप फॅक्टर (सेन्सर फुल फ्रेमपेक्षा किती पट लहान तो आकडा) यांच्या गुणाकाराने भागा. १४ मिमी आणि १.५ क्रॉपला साधारण २४ सेकंद येतात, पण १५ ते १८वरच थांबा. त्यापुढे आजचे सेन्सर ताऱ्यांची शेपटी दाखवतात.

विकत घेण्याआधी एक ठळक तारा फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आणून फोटो काढा. तारा पाखरासारखा पसरला तर तो कोमा नावाचा भिंगदोष, छिद्र एफ/३.५ इतकं लहान केल्यावर बराच कमी होतो. एकच कोपरा धूसर असेल, तर आतली भिंगं सरकलेली आहेत. ती लेन्स परत करा.

गुहागर किंवा देवबागच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरात पाऊस ओसरला, की अंधार पडताच आकाशगंगेचा गाभा नैऋत्येला समुद्रावर दिसतो. तिथे खरा शत्रू दव. पुढच्या काचेमागे, लेन्सच्या नळीभोवती पॉवर बँकेवरचा हीटर पट्टा आधीच गुंडाळा. खारं दव कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाने कोटिंगवर चरे पडतात. पावसाळ्यात लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी धरलीच समजा.