क्लिपर्टन बेट फ्रान्सचं कसं, आणि तिथे कुणीच का राहत नाही?

तुम्ही विचारलंय की नकाशात मेक्सिकोच्या खाली, भर पॅसिफिकमध्ये 'क्लिपर्टन (फ्रान्स)' असा ठिपका दिसतो, तो फ्रान्सचा कसा आणि तिथे वस्ती का नाही.

मला हे बेट माहीत झालं ते हॅम रेडिओच्या, म्हणजे हौसेखातर बिनतारी यंत्रावरून दूरदूरच्या माणसांशी संपर्क साधण्याच्या, नादामुळे. आमच्या यादीत क्लिपर्टन स्वतंत्र 'देश' म्हणून मोजतात, आणि माणूसच नसल्यामुळे तिथून वर्षानुवर्षं आवाज येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये एक पथक रेडिओ आणि जनरेटर घेऊन तिथे उतरलं, तेव्हा मी चार पहाटे कानाला हेडफोन लावून बसलो होतो. एकदा मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघेच्या सांकेतिक लिपीत, 'टीएक्स५एस' ही त्यांची खूण आली. इतकी पुसट की पंखा बंद करून पुन्हा ऐकली. मीही हाक दिली, पण जगभरातून झुंबड उडालेली, माझा नंबर काही लागला नाही. पुण्याहून हे बेट साधारण पावणेसतरा हजार किलोमीटर. तिथून पृथ्वीच्या गोळ्यात आरपार दाभण घातलं, तर ते हिंदी महासागरात दिएगो गार्सियाच्या थोडं दक्षिणेला बाहेर येईल.

पूर्व पॅसिफिकमधलं हे एकमेव कंकणाकृती प्रवाळबेट. मेक्सिकोचा किनारा हजारावर किलोमीटर लांब. सगळा घेर सुमारे १२ किलोमीटर, पण कोरडी जमीन जेमतेम २ चौरस किलोमीटर. तीही बांगडीसारखी, आणि मध्ये तळं. एका कोपऱ्यात ज्वालामुखीचा २९ मीटर उंच खडक उभा आहे, बाकी सगळं सपाट. १८३९ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या एडवर्ड बेल्चरनं पाहणी केली तेव्हा तळ्याला समुद्राकडे दोन तोंडं होती. पुढच्या वीसेक वर्षांत ती बुजली. आता पावसाचं पाणी वर तरंगतं आणि खालचं पाणी कोंडून सडतं, त्यात गंधकाचा वास. बंदर म्हणावं असं काही नाही. लाटा थेट प्रवाळाच्या कडेवर आपटतात, त्यामुळे होडी किनाऱ्याला लावणं हेच मोठं दिव्य.

क्लिपर्टन हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा इंग्रज समुद्री चाचा, त्याचं नाव बेटाला चिकटलं. १७११ च्या गुड फ्रायडेला दोन फ्रेंच जहाजांना ते दिसलं, म्हणून फ्रेंचांचं नाव 'पॅशन बेट'. पण हक्काची गोष्ट १८५८ ची. त्या नोव्हेंबरात केर्वेगें नावाचा फ्रेंच लेफ्टनंट आला. बेट फ्रान्सचं झाल्याचा कागद त्यानं जहाजावरच केला. नंतर काही खलाशी कसेबसे किनाऱ्यावर गेले आणि काही खूण न ठेवता परत आले. मग होनोलुलूच्या एका वर्तमानपत्रात घोषणा छापली आणि विषय तिथेच थांबला.

पुढे सगळ्यांना ओढ लागली ती ग्वानोची, म्हणजे पक्ष्यांच्या साठलेल्या विष्ठेची. खत म्हणून तिला चांगला भाव होता. आधी अमेरिकन कंपनी आली, १८९७ मध्ये मेक्सिकोनं लढाऊ नौका पाठवून आपला झेंडा लावला, आणि १९०६ पासून एका ब्रिटिश कंपनीनं मेक्सिकोच्या परवानगीनं रीतसर वस्ती उभारली. दीपगृह बांधलं. १९१४ च्या सुमारास तिथे शंभरेक माणसं होती, मेक्सिकन कॅप्टन रामोन आर्नोच्या हाताखाली सैनिक आणि त्यांची बायकामुलं. खाणं सगळं बोटीनं येई.

मग मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला आणि बोट यायची थांबली. १९१४ मध्येच एक अमेरिकन युद्धनौका तिथे आली होती, सगळ्यांना घेऊन जायला तयारही होती. आर्नोनं नकार दिला, ठाणं सोडायचं नाही म्हणून. मला या माणसाचा राग येतो. स्कर्व्हीनं, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगानं, एकेक माणूस जाऊ लागला. थोडी नारळाची झाडं होती, त्यांच्यावर बाकीच्यांनी दिवस काढले. १९१५ मध्ये आर्नोला लांबवर जहाज दिसल्यासारखं वाटलं, तो काही जणांना घेऊन होडीतून निघाला आणि बुडाला. शेवटी पुरुषांत एकटा दीपगृहाचा रखवालदार व्हिक्टोरियानो आल्वारेस उरला. त्यानं बंदुका ताब्यात घेतल्या, स्वतःला राजा म्हणवलं आणि बायकांचे अनन्वित हाल केले. जुलै १९१७ मध्ये तिर्सा रँडॉन हिनं हातोडा घालून त्याला ठार केलं. त्याच सुमारास 'यॉर्कटाउन' ही अमेरिकन नौका बेटाशी आली आणि उरलेली ११ बायकामुलं सुटली.

इतकं होऊन बेट कुणाला मिळालं? १९०९ मध्येच फ्रान्स आणि मेक्सिकोनं वाद इटलीच्या राजावर सोपवला होता. राजेसाहेबांनी निकाल दिला १९३१ मध्ये, फ्रान्सच्या बाजूनं: बेट निर्मनुष्य होतं, त्यामुळे १८५८ ची घोषणा पुरेशी. म्हणजे जहाजावरचा तो कागद आणि होनोलुलूची ती बातमी कामी आली.

वस्ती का नाही, याचं उत्तर यात आलंच आहे. राहता येतं, पण बोट आली तर. आणि बोट पाठवायला आता कारण नाही. फ्रान्सला जमिनीशी कर्तव्यही नाही. या बांगडीमुळे भोवतीचा ४ लाख ३० हजार चौरस किलोमीटर समुद्र, त्यातल्या ट्यूनासकट, त्याच्या नावावर राहतो.

राहायला आहेत ते खेकडे. नारिंगी रंगाचे, लाखोंच्या संख्येनं. कोवळं गवत उगवलं की खुडून खातात. ग्वानोच्या काळात माणसांनी आणलेली डुकरं मोकाट सुटली, त्यांनी खेकडे आणि पक्ष्यांची अंडी फस्त केली आणि बेट हिरवं झालं. १९५८ मध्ये केनेथ स्टेगर हे पक्षीतज्ज्ञ आले, त्यांनी बंदूक काढून सगळी ५८ डुकरं मारली. खेकडे वाढले, बूबी पक्षी हजारोंनी परतले, बेट पुन्हा बोडकं झालं. आता फुटलेल्या जहाजांवरून उंदीर आलेत, ते खेकडे खातात, आणि गवत पुन्हा वाढू लागलंय.