60 हजारांचा क्लास लावू का, यावर माझं उत्तर

भाऊ, तू बीएस्सी सेकंड इयरला परभणीत, लॅपटॉप 8 जीबी रॅमचा, आणि संभाजीनगरचा एक क्लास एथिकल हॅकिंगचे 60 हजार मागायलाय, भरू का म्हणून विचारलंस. नको भरू. मीपण असेच भरले होते, तीन महिने नुसती टूल चालवायला शिकवली अन् सर्टिफिकेट दिलं, आणि इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न आला की ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर मारल्यावर पान उघडेपर्यंत काय काय होतं, तर मला डीएनएसच्या (साईटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी व्यवस्था) पुढं बोलताच येईना. वडिलांनी सोयाबीन विकून दिलेले पैसे होते ते, म्हणून एवढं कळकळीनं सांगायलो.

आधी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्किंग शिक. ओव्हरदवायर या साईटचा बँडिट हा सरावाचा गेम फुकट आहे, एसएसएचनं (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) त्यांच्या मशीनवर जायचं आणि पुढच्या लेव्हलचा पासवर्ड शोधायचा. सुरुवातीलाच एक फाईल येते, नाव नुसतं "-". त्यावर कॅट (फाईलमधलं दाखवणारी कमांड) मारली की कर्सर लुकलुकत बसतो, कारण कॅटला वाटतं तू कीबोर्डवरून टाईप करणार आहेस. नावाआधी "./" (म्हणजे याच फोल्डरमधली) लावलं की उघडते. सगळं अक्षरांतच चालतं, त्यामुळं गावाकडं रेंज कमी असली तरी भागतं.

मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका लॅपटॉपात दुसरे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) काली, म्हणजे हॅकिंगची टूल असलेलं लिनक्स, आणि मेटास्प्लॉइटेबल 2 टाक, कालीला 2 जीबी रॅम, दुसऱ्याला 1 जीबी पुरते. ही दुसरी मशीन मुद्दाम भोकं ठेवून बनवलेली आहे, म्हणून नेटवर्क होस्ट-ओन्लीच ठेव, म्हणजे ती बाहेरच्या इंटरनेटला जोडली जात नाही. एनमॅप या टूलनं कोणते पोर्ट (मशीनमध्ये शिरायची नंबर दिलेली दारं) उघडे आहेत ते स्कॅन केलं की 21 पोर्टवर व्हीएसएफटीपीडी 2.3.4 हे फाईल पाठवायचं सर्व्हर सॉफ्टवेअर दिसेल. लगेच मेटास्प्लॉइट (तयार हल्ले चालवणारं टूल) उघडू नको. 2011 मध्ये कुणीतरी या सॉफ्टवेअरच्या डाउनलोडमध्येच बॅकडोअर (चोरदार) घुसवला होता, युजरनेममध्ये ":)" टाकलं की 6200 पोर्टवर शेल, म्हणजे त्या मशीनवर कमांड चालवायची जागा, मिळायचं. हे टेलनेटनं (पोर्टला थेट जोडून हातानं टाईप करायचं साधं टूल) स्वतःच्या हातानं करून बघ, एकदा असं केलं की टूल आतून काय करतंय ते कायमचं कळतं.

वेबसाईटची सुरक्षा शिकायला पोर्टस्विगर कंपनीची ऑनलाईन अकॅडमी फुकट आहे, त्यात अ‍ॅक्सेस कंट्रोल (कुणाला काय बघता येईल याची बंधनं) आधी घे. एका कॉलेजच्या फी पावतीच्या लिंकमधला नंबर एकनं वाढवला की दुसऱ्याच पोराची पावती उघडायची, मोबाईल नंबर, पत्ता, सगळं. मला ते स्वतःची पावती काढताना चुकून दिसलं, पुढचे नंबर टाकून बघायचा लई मोह झाला पण तिथंच थांबलो आणि कळवलं. तूपण थांब. आयटी कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरणं येतं, आणि ते अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं असं ठरलं तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणाकडं कळवावं कळेना तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेकडं मेलनं कळवता येतं. मित्राचं इन्स्टा हॅक करून दे म्हणणारे भेटतीलच, त्यांना सरळ नाही म्हण.

रोज दीड तास बस आणि काय केलं ते वहीत लिहीत जा, कमांड, आलेला एरर, कसा सुटला, सगळं. बँडिटमध्ये अडकलास तर लेव्हलचा नंबर आणि तू काय काय करून बघितलंस ते लिही, पासवर्ड सांगणार नाही पण कोणतं मॅन पेज (कमांडची माहिती देणारं पान) वाचायचं ते नक्की सांगतो.