मुळशी की पाचगणी?

प्रश्न : ताई, सहकारनगरला आमचा वाचनगट गेली १४ वर्षं चालू आहे. येत्या जानेवारीत दोन रात्री बाहेर राहून निवासी शिबिर घ्यायचं ठरलंय. आम्ही २४ जण. सगळ्यात धाकटा ४१ वर्षांचा, सगळ्यात थोरल्या आजी ७८ वर्षांच्या. माणशी साडेतीन हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. पण जागेवरून दोन तट पडलेत. काहींना मुळशीचा धरणाकाठचा रिसॉर्ट हवाय, फोटो फारच सुंदर आहेत. बाकीचे पाचगणीवर अडून बसलेत. मत घेतलं तर बारा-बारा! काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बारा-बारा झालं ते बरंच झालं. तेरा-अकरा झालं असतं, तर हरलेले अकरा जण दोन दिवस चहात साखर कमी म्हणून कुरकुरत बसले असते.

मी पंचवीसेक वर्षं शिबिरं घेतली. शिक्षकांची, भजनी मंडळांची, एकदा तर नुसत्या निवृत्त बँकवाल्यांची (त्यांनी हिशेब माझ्याआधी पूर्ण केला). सुरुवातीला मीही फोटो बघूनच जागा ठरवायची. एकदा पानशेतच्या बाजूला पाण्याकाठची एक जागा घेतली. सूर्य पाण्यात बुडताना सगळ्यांनी फोटो काढले, त्यात वीस मिनिटं गेली. मग अंधार पडला आणि कळलं, की इथे एकत्र बसायला जागाच नाही. चार-चार जणांच्या सुट्या कॉटेज, मध्ये निसरडी पायवाट, आणि ‘हॉल’ म्हणजे जेवणाचीच खोली. आमचं वाचन चालू असताना मागे ताटं वाजत होती. त्यात शेजारच्या लॉनवर रिसेप्शन. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम आहे, तिथला डीजे साडेअकराला थांबला.

तेव्हापासून जागा बघायला गेले की मी आधी ओटा शोधते. ओटा, पार, लांबलचक व्हरांडा, काहीही चालेल, पण आठ-दहा माणसं पाय सोडून बसतील असं काहीतरी हवं. शिबिरातलं निम्मं बोलणं सत्रांच्या मधल्या वेळात होतं. चौदा वर्षं एकमेकांच्या घरी जमणाऱ्या तुमच्या गटाला घरी जे मिळत नाही, ते हेच आहे. घरी दर वेळी कुणालातरी स्वयंपाकाकडे बघायचं असतं आणि साडेआठला सगळे चपला शोधू लागतात. चोवीस जणांना एका गोलात बसवेल असा, मध्ये खांब नसलेला हॉल आणि त्याला लागून व्हरांडा, एवढं असेल तर समोर धरण नसलं तरी माझी हरकत नाही.

आता तुमच्या दोन जागा. पाचगणी सुंदर आहे, पण पुण्याहून शंभरेक किलोमीटर. शुक्रवारी निघालात तर खंबाटकीत अडकाल, पुढे वाईवरून पसरणी घाट. गाडी लागणारी दोन-चार माणसं प्रत्येक गटात असतातच. दोन रात्रींच्या शिबिरात येण्या-जाण्यातच एवढा वेळ घालवू नका. चार रात्री असत्या तर मी पाचगणीच सांगितली असती. मुळशी जवळ आहे, पण पौडच्या पुढे धरणाच्या बाजूला आत गेलात, की रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखलं तर दवाखाना किती लांब, हे आधी विचारा. ७८ वर्षांच्या आजी सोबत आहेत. शिवाय फोनला रेंज मिळते का, तेही बघा.

माझं मन तिसरीकडेच ओढ घेतंय. कार्ला-मळवलीच्या पट्ट्यात बघाल का? लोणावळ्याची लोकल मळवलीला थांबते, शिवाजीनगरहून तास-सव्वा तास. बसचा खर्च वाचतो आणि गप्पा शिवाजीनगरलाच सुरू होतात. (दुपारी लोकल फार थोड्या असतात, वेळापत्रक बघून निघा.) कार्ल्याला एमटीडीसीचं निवासस्थान आहे, आसपास साधी, संस्थांनी चालवलेली शिबिरस्थळंही सापडतील. सकाळी ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांनी भाजे लेणी चढून यावं. बाकीच्यांनी ओट्यावर बसून पेपर वाचावा आणि ते परत आले की ‘काय पाहिलंत?’ म्हणून विचारावं. पावसाळा असता तर या भागाचं नावही काढलं नसतं, शनिवार-रविवारी लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरून जातो. जानेवारी ठीक. त्यात बहुतेक पौष येतो, लग्नं कमी असतात, म्हणजे शेजारचं लॉन तरी गप्प राहील. फक्त २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या तर ते दिवस टाळा.

पैशाचं थोडक्यात. दर माणशी की खोलीमागे, एका खोलीत किती जण, हॉलचं भाडं धरलंय की वेगळं, जीएसटी वरून लागतो का, आणि चहा दिवसातून किती वेळा, हे लिहून घ्या. वाचनगटाला चारदा चहा लागतो, दोनदाच देणारे जास्तीच्या चहाचा हिशेब मध्येच काढतात. मधुमेहवाल्यांसाठी नाश्ता आठला म्हणजे आठला हवा. जेवणात पिठलं-भाकरी मिळाली तर पनीरचा हट्ट धरू नका.

जागा बघायला दोघं जा, एक मुळशीवाला आणि एक पाचगणीवाला. जाताना मंगळवार-बुधवार नको. तेव्हा सगळ्याच जागा शांत असतात. शनिवारी संध्याकाळी जा आणि रात्री तिथेच राहा. गरम पाणी सकाळी सहाला येतं की नऊला, लाइट गेली तर जनरेटर किती वेळात सुरू होतो, ते कळेल. तळमजल्यावर कमोड असलेल्या किमान तीन खोल्या आहेत का, तेही मोजून या. आणि खोलीपासून हॉलपर्यंत पायऱ्या किती, ते मोजून आल्या आल्या आजींना फोन करा. त्या ‘जमेल’ म्हणाल्या, तरच आगाऊ रक्कम भरा.